वुडलंड्सच्या न्हाणीघराविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रियेबद्दल आभार. वुडलंड्स या इंग्लंडमधल्या खाणगावावरचा माझा लेख म्हणजे "खाणमालकांची आरती" आहे, "घरात न्हाणीघर दिलं म्हणून एवढं भारावून जायचं कारण काय" आणि मला "कामगाराच्या जगण्याचा गंध नाही", असं तुम्ही लिहिलंत. मतभेद असू द्या. पण ज्याला आपण कधी भेटलो नाही, त्याच्या जगण्यावर असा निकाल द्यायची ही कुठली रीत?

एक मान्य करतो. भाड्याविषयी लेखात एकच ओळ आहे, ती वाढवता आली असती.

आता न्हाणीघराकडे येतो, कारण तुमचा सगळा राग त्याच एका वाक्यात आहे. ब्रॉड्सवर्थ मेन खाणीच्या कामगारांसाठी डॉनकास्टरजवळ १९०७ पासून हे गाव उभं राहिलं. वास्तुरचनाकार पर्सी हाउफ्टन. त्यांनी घराघरात आंघोळीची सोय केली. तेव्हा खाणीवर आंघोळीची सोय जवळपास कुठेच नव्हती; त्यासाठी वेगळा निधी उभा करणारा कायदा १९२६ मध्ये आला. तोवर माणूस पाळी संपवून काळाठिक्कर होऊन घरी यायचा आणि चुलीसमोर पत्र्याच्या टबात बसायचा. पाणी बायकोने तापवायचं, टब तिनेच उपसायचा, ओले कपडे त्याच खोलीत वाळवायचे. बाप आणि दोन मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांना असले, तर तिचा दिवस-रात्र याच कामात जायचा. खाणकामगारांच्या घरांची दशा किती लाजिरवाणी आहे, हे कोळसा खाणउद्योगाची चौकशी करणाऱ्या १९१९ च्या सँकी आयोगाने कडक शब्दांत सांगितलं, म्हणजे वुडलंड्स वसल्यानंतरही बाकीकडे काय चाललं होतं ते बघा. तुमच्या प्रतिक्रियेत मालक आहे, कामगार आहे. ही बाई कुठे आहे?

आणि गंध म्हणाल, तर मी विदर्भातल्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. वडील रात्रपाळीहून यायच्या आत आई सार्वजनिक नळावरून पाणी आणून शेगडीवर चढवायची. तिच्या हातांच्या भेगा मी पाहिल्यात. वडील निवृत्त झाल्यावर क्वार्टर रिकामं करा म्हणून आलेला कागदही मीच त्यांना वाचून दाखवला. तेव्हा नोकरीला बांधलेलं घर काय असतं, हे मला शिकवू नका.

तुम्ही डेनबी या जवळच्याच खाणगावाचं उदाहरण दिलंत. जानेवारी १९०३ मध्ये, ऐन थंडीत, संपातल्या कुटुंबांना कंपनीच्या घरांतून बाहेर काढलं, हे खरं आहे आणि भयंकर आहे. पण ती कंपनी वेगळी, तिथल्या घरांच्या दाटीवाटीच्या रांगा वेगळ्या. त्याच डॉनकास्टर परिसरात चार-पाच वर्षांनी कोणी मोकळ्या हिरवळी राखून, जुनी झाडं न तोडता ६५० च्या वर घरं बांधत असेल, तर तो फरक नोंदवणं म्हणजे आरती नव्हे. वुडलंड्सचे खाणमालक आर्थर मार्कहम यांना शांत, टिकून राहणारे कामगार हवे होते, हे माझ्याच लेखात आहे. तो परिच्छेद तुम्ही गाळला की वाचलाच नाही, कोण जाणे.

मोकळी, हिरवी गावं वसवण्याची उद्यान-नगर चळवळ, हाउफ्टन यांनी आधी रचलेलं क्रेसवेल हे खाणगाव, १९९० मध्ये बंद झालेली ब्रॉड्सवर्थची खाण, यांवरच्या तुमच्या टिप्पण्यांत मला उत्तर द्यावं असं काही दिसलं नाही. पुन्हा लिहाल तेव्हा गावाविषयी लिहा, माझ्याविषयी नको.