घर सोडून आलेल्या बाईला कौन्सिलने पहिल्या दिवशी काय विचारावे

इंग्लंडमधल्या मराठी बायकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. नवऱ्याच्या किंवा सासरच्या छळामुळे घराबाहेर पडावे लागले तर पोलिसांना ९९९ वर फोन करायचा, एवढे बहुतेकींना ठाऊक असते. पण त्या रात्री मुलांना घेऊन झोपायचे कुठे, हा प्रश्न स्थानिक कौन्सिलपुढे, म्हणजे इथल्या नगरपालिकेपुढे, मांडता येतो आणि त्याची दखल घेणे हे कौन्सिलचे कायदेशीर कर्तव्य आहे, हे फार थोड्या जणींना माहीत असते. मराठी आणि हिंदी बोलणाऱ्या बायकांची दुभाषी म्हणून मी अशा कचेऱ्यांमध्ये बसत आले आहे, आणि माझे मत असे झाले आहे की इथला कायदा या बाबतीत पुष्कळ विचारपूर्वक केलेला आहे, मात्र पहिल्या मुलाखतीच्या टेबलावरच तो बहुधा अडखळतो. (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे कायदे वेगळे आहेत, मी लिहिते आहे ते फक्त इंग्लंडविषयी.)

बेघरांना घर देण्याची जबाबदारी कौन्सिलांवर प्रथम १९७७ च्या कायद्याने आली आणि आज ती मुख्यतः १९९६ च्या हाउसिंग ॲक्टच्या सातव्या भागात आहे. त्यातले १७७ वे कलम प्रत्येकीने समजून घ्यावे असे आहे. ज्या घरात राहिल्याने स्त्रीचा किंवा तिच्यासोबत राहणाऱ्या कुणाचा कौटुंबिक छळ होण्याची शक्यता दिसते, त्या घरात तिने राहत राहावे अशी अपेक्षा करणे वाजवी नाही, असे ते कलम सांगते. याचा अर्थ असा, की भाडेकरारावर तिचे नाव असले, तिच्याकडे किल्ली असली, अगदी ती अजून त्याच घरात असली, तरीही कायद्याच्या दृष्टीने ती बेघर ठरू शकते. आणि असे घर सोडले म्हणून ‘तुम्ही जाणूनबुजून बेघर झालात’ असा ठपकाही तिच्यावर ठेवता येत नाही.

छळ म्हणजे मारहाणच का, हा प्रश्न हाउन्स्लो कौन्सिलच्या एका प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दोन लहान मुलांना घेऊन घर सोडलेल्या त्या बाईला नवऱ्याने मारलेले नव्हते. तो मुलांसमोर तिच्यावर ओरडत असे, घरखर्चाला पैसे देत नसे, आणि मुले आपल्यापासून तोडली जातील अशी तिला धास्ती होती. प्रत्यक्ष मारहाण किंवा तशी धमकी नसल्यामुळे तिने त्या घरात राहायला हरकत नाही, असे कौन्सिलने ठरवले होते. जानेवारी २०११ मध्ये न्यायाधीश लेडी हेल यांनी दिलेल्या निकालाने हा अर्थ नाकारला आणि धाकदपटशा, मानसिक छळ यांचाही समावेश त्या शब्दात होतो असे स्पष्ट केले. पुढे २०२१ च्या डोमेस्टिक अब्यूज ॲक्टने शारीरिक आणि लैंगिक अत्याचारांबरोबरच धमक्या, सतत नियंत्रण ठेवणे, आर्थिक कोंडी आणि मानसिक छळ हे सारे व्याख्येतच घातले. आपल्या घरांतून जे प्रकार ‘स्वभाव तापट आहे’ म्हणून पोटात घातले जातात, त्यांतले कितीतरी या व्याख्येत बसतात. पगाराचे कार्ड काढून घेणे, माहेरच्या फोनवर पहारा ठेवणे, ‘परत पाठवून देईन’ असे रोज ऐकवणे या गोष्टी सांगताना बायका अजूनही चाचरतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

त्याच कायद्याने दुसरा मोठा बदल केला. पूर्वी मूलबाळ नसलेल्या एकट्या स्त्रीला आपण सर्वसाधारण बेघर माणसापेक्षा अधिक असुरक्षित आहोत हे पटवून द्यावे लागे, आणि ते पटवता पटवता पुष्कळ जणींचे अर्ज फेटाळले जात. ५ जुलै २०२१ पासून छळामुळे बेघर झालेल्या प्रत्येक व्यक्तीला आपोआप प्राधान्य मिळते. हा हक्क पुरुषांनाही आहे. ती बेघर आहे, मदतीस पात्र आहे आणि प्राधान्याच्या गटात मोडते, असे मानण्यास सकृद्दर्शनी कारण दिसले, की पुढची चौकशी चालू असेपर्यंत कौन्सिलने तिच्या तात्पुरत्या निवाऱ्याची सोय केलीच पाहिजे. आधी सोय, मग चौकशी, हा तो क्रम आहे.

आणि नेमका हाच क्रम पहिल्या मुलाखतीत उलटा होतो. ‘पोलिसांचा क्राइम नंबर आणा’, ‘डॉक्टरचे पत्र आणा’, ‘तुम्ही या भागातल्या नाही, तुमच्या जुन्या कौन्सिलकडे जा’, ‘आज एखाद्या मैत्रिणीकडे राहता येणार नाही का?’ ही वाक्ये मी एकाहून अधिक ठिकाणी इंग्रजीतून मराठीत करून सांगितली आहेत आणि ती सांगताना मला मनापासून त्रास झाला आहे. कौन्सिलांसाठी सरकारने काढलेल्या मार्गदर्शक संहितेत कौटुंबिक छळावर स्वतंत्र प्रकरण आहे. पोलिसांचा किंवा इतर पुरावा सरसकट मागू नये, छळ करणाऱ्याकडे विचारणा करू नये आणि बोलणे खासगी जागेत व्हावे, असे ते सांगते. स्थानिक संबंधाचे म्हणाल, तर अर्ज कुठल्याही कौन्सिलकडे करता येतो, आणि जिथे पुन्हा छळाचा धोका आहे अशा भागात तिला परत धाडता येत नाही. जीव वाचवण्यासाठी तिने मुद्दाम दूरचे गाव गाठलेले असते. ते गाव तिच्या ओळखीचे नाही, हा तिच्याविरुद्धचा मुद्दा कसा होऊ शकतो?

अधिकाऱ्यांवरचा ताण मला दिसतो. लंडनसारख्या शहरात घरे अपुरी आहेत, तात्पुरत्या निवाऱ्यावर कौन्सिलांचा प्रचंड पैसा खर्च होतो आणि टेबलामागच्या माणसाच्या हातात रिकामी खोली नसते. तरीही खोली नाही म्हणून अर्जच नोंदवून न घेणे हे बेकायदा आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठे नुकसान तिथेच होते. कारण तोंडी नकार घेऊन बाई निघून गेली, की कागदावर काहीच उरत नाही. अर्जावरचा निर्णय कौन्सिलने लेखी आणि कारणांसह द्यायचा असतो. तो विरोधात गेला तर २१ दिवसांच्या आत फेरविचार मागता येतो आणि त्यानंतर कायद्याच्या मुद्द्यावर काउंटी कोर्टात जाता येते. म्हणून सोबत जाणाऱ्यांना मी एवढेच सांगते, की ‘मी आज बेघर म्हणून अर्ज करते आहे आणि कारण कौटुंबिक छळ आहे’ हे वाक्य स्पष्ट उच्चारावे, शक्य तर ईमेलनेही पाठवावे, आणि नकार मिळाला तर तो लेखी मागावा.

निवारा मिळाला म्हणजे सगळे सुटले असेही नाही. रेफ्यूजमध्ये, म्हणजे छळातून बाहेर पडलेल्या बायकांसाठीच्या निवारागृहात, जागा मिळाली तर सोबत आधार देणारी माणसे असतात. हॉटेलच्या खोलीत तो आधार नसतो. मुले असलेल्या कुटुंबाला बेड अँड ब्रेकफास्टमध्ये सहा आठवड्यांपेक्षा अधिक ठेवू नये असा नियम २००४ पासून आहे. काही कौन्सिले तिच्याच घराला भक्कम कुलपे आणि गजर बसवून देण्याची योजना राबवतात. तिला स्वतःला तिथेच राहायचे असेल तर ती उपयोगी आहे, मात्र ती तिच्यावर लादता कामा नये. आणखी एक गोष्ट भाडेकरूंनी ध्यानात ठेवावी: संयुक्त भाडेकरार मुदतीचा नसेल, तर दोघांपैकी एकाने दिलेल्या रीतसर नोटिशीनेही तो संपुष्टात येऊ शकतो. रागाच्या किंवा घाईच्या भरात अशी नोटीस देण्यापूर्वी सल्ला घ्यावा.

भारतात २००५ च्या कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आणि निवारागृहांचीही तरतूद केली, पण आश्रय देण्याचे असे कर्तव्य तिथे महानगरपालिकेवर नाही. व्यवहारात तिथली बाई माहेरी जाते, निदान काही दिवस तरी. स्लाउ किंवा हॅरोमध्ये राहणाऱ्या मुलीला माहेर विमानाच्या तिकिटापलीकडे असते, मुलांचे पासपोर्ट पुष्कळदा नवऱ्याच्या कपाटात असतात आणि मुलांना त्याच्या संमतीवाचून देशाबाहेर नेणे हा इथे गुन्हा ठरू शकतो. त्यामुळे कौन्सिलचे दार हे तिच्यासाठी अनेकदा एकमेव दार असते.

ते दार व्हिसामुळे बंद होते, आणि इथे मात्र दोष कायद्याचाच आहे. जोडीदाराच्या व्हिसावर सहसा सरकारी निधीचा लाभ घेता येत नाही अशी अट असते, आणि बेघरांसाठीची मदत त्या निधीत मोडते. २०१२ पासून एक सवलत आहे, तिला २०२४ मध्ये नवे नाव मिळाले. तिच्यामुळे छळातून बाहेर पडलेल्या स्त्रीला तीन महिन्यांपुरती ही अट नसलेली परवानगी मिळते. नवरा ब्रिटिश नागरिक किंवा इथे कायमचा स्थायिक असेल, तर या काळात ती स्वतः कायम वास्तव्यासाठी अर्ज करू शकते. नवरा कामाच्या व्हिसावर असेल, तर २०२४ पासून तिलाही तीन महिन्यांची सवलत मिळते, मात्र पुढे कायम वास्तव्याचा तो मार्ग तिला मोकळा नाही. शिवाय सवलत मिळताच तिची आधीची परवानगी संपते. पुण्याहून आयटीतल्या नोकऱ्यांसाठी आलेल्या कुटुंबांतल्या मुली नेमक्या या गटात येतात. तीन महिन्यांनी तिने कुठे जायचे याचे उत्तर कुठल्याही नियमात नाही, आणि ते असायला हवे असे मला ठामपणे वाटते. म्हणून या सवलतीचा अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराशी बोलणे फार आवश्यक आहे. मुले सोबत असतील तर १९८९ च्या चिल्ड्रेन ॲक्टच्या १७ व्या कलमाखाली कौन्सिलच्या समाजसेवा विभागाकडे जाता येते. त्या मदतीला सरकारी निधीची अट आडवी येत नाही. रेफ्यूज ही संस्था चालवत असलेली राष्ट्रीय मदतवाहिनी ०८०८ २००० २४७ या क्रमांकावर दिवसरात्र आणि विनामूल्य आहे.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे आणि इतर गावांतही आता मंडळे आहेत. गणपतीच्या आणि दिवाळीच्या कार्यक्रमांना आपण कौन्सिलरांना पाहुणे म्हणून बोलावतो, हार घालतो, फोटो काढतो. भारतीय पासपोर्ट असलेली आणि वैध व्हिसावर इथे राहणारी व्यक्ती राष्ट्रकुलाची नागरिक म्हणून कौन्सिलच्या निवडणुकीत मत देऊ शकते, म्हणजे ते आपलेही प्रतिनिधी आहेत. पुढच्या वेळी त्यांना विचारा: आपल्या हाउसिंग कचेरीत घर सोडून आलेल्या बाईशी बंद दाराआड बोलले जाते का, की रांगेतच? तिच्याकडे पोलिसांचा कागद मागितला जातो का? मराठी दुभाषी मिळतो, की नवऱ्याच्या नात्यातल्या कुणाला फोन लावला जातो? कचेरी बंद झाल्यावरचा आणीबाणीचा क्रमांक कुणी उचलते का? आणि गेल्या वर्षी छळाचे कारण सांगून आलेल्या किती जणींना लेखी निर्णय मिळाला?