‘फक्त सरकारांनाच विकतात’ म्हणून निर्धास्त राहता येत नाही: पेगाससविषयीच्या एका फॉरवर्डचा प्रतिवाद

पेगासस आणि तत्सम हेरगिरीच्या सॉफ्टवेअरविषयीचा एक लांबलचक मराठी संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे. अशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या ती केवळ सरकारांना विकतात, आणि तीही दहशतवादी व गुन्हेगारांना पकडण्यासाठी. या निर्यातीवर परवान्याचे कडक नियंत्रण असते. एकेका फोनमागे इतका खर्च येतो की सामान्य माणसासाठी तो कोणी करणार नाही. अनोळखी लिंक उघडली नाही की फोन सुरक्षित राहतो. भारतात पेगासस वापरलेच गेले नाही असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला आहे. ‘तुमच्या फोनला लक्ष्य केले जात असावे’ असे ॲपलकडून येणारे इशारे घबराट पसरवण्यासाठी असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. आणि ज्याने काही वाईट केलेले नाही त्याला भिण्याचे कारण नाही.

हा संदेश मला माझ्या मामेबहिणीने पाठवला. ती नागपुरात एका फौजदारी वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काम करते. वकालतनामे, जबाबांच्या प्रती, तुरुंगातून आलेल्या पत्रांचे फोटो असे सगळे तिच्या फोनमध्ये असते. ‘दादा, म्हणजे लिंक उघडली नाही तर आपण सुरक्षित, बरोबर ना?’ एवढेच तिने खाली विचारले होते. तिने हे खरे मानले तर नुकसान तिच्या एकटीचे होणार नाही, आणि म्हणून लिंकच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो.

हा सल्ला निदान सात वर्षे जुना झाला आहे. २०१९ च्या एप्रिल-मे महिन्यांत पेगासस बनवणाऱ्या एनएसओ ग्रुप या इस्रायली कंपनीचे सॉफ्टवेअर व्हॉट्सॲपच्या कॉल यंत्रणेतील एका त्रुटीचा फायदा घेऊन फोनमध्ये शिरत होते. फोनवर व्हॉट्सॲप कॉल यायचा, तो उचलण्याचीही गरज नसे, आणि पुष्कळदा कॉलच्या यादीतून त्याची नोंदही नाहीशी होई. रात्री झोपेत असलेल्या माणसाच्या उशाशी ठेवलेला फोन असा ताब्यात घेता येत होता. २०२१ मध्ये तर आयफोनच्या आयमेसेजमधून पाठवलेल्या, चित्र असल्याचे भासवणाऱ्या एका फाइलने हेच काम केले, आणि तेव्हा कॉलचीही गरज उरली नाही. एकदा आत शिरल्यावर हे सॉफ्टवेअर संदेश वाचते, माइक आणि कॅमेरा सुरू करते, ठावठिकाणा पाहते. व्हॉट्सॲपचे संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाहीत ही हमी इथे निरुपयोगी ठरते, कारण संदेश वाटेत पकडावाच लागत नाही; तो तुमच्या पडद्यावर उलगडतो तिथेच वाचला जातो.

याविषयीचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे व्हॉट्सॲपने एनएसओवर कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात २०१९ मध्ये दाखल केलेला खटला. त्यातील कागदपत्रांत या एका मोहिमेत लक्ष्य झालेल्या १,२२३ जणांची देशवार विभागणी आली आहे. एकूण देश ५१, त्यांत सर्वाधिक ४५६ मेक्सिकोतील आणि त्याखालोखाल १०० भारतातील. ही आकडेवारी साधारण दोन महिन्यांची आणि शिरकावाच्या एकाच मार्गाची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने एनएसओला जबाबदार ठरवले. मे २०२५ मध्ये ज्युरीने सुमारे १६ कोटी ७० लाख डॉलरची दंडात्मक भरपाई ठरवली. पुढे ऑक्टोबरमध्ये न्यायाधीशांनी ती सुमारे ४० लाख डॉलरवर आणली, परंतु व्हॉट्सॲपच्या वापरकर्त्यांना लक्ष्य करण्यास कंपनीला कायमची मनाई केली. त्या वेळी लक्ष्य झाल्याचे ज्या भारतीयांनी जाहीरपणे सांगितले त्यांत वकील होते, प्राध्यापक होते, पत्रकार होते, आणि नागपूरचे एक वकीलही होते. माझ्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्याच शहरात, तिच्याच व्यवसायात आहे.

आता संदेशातील मुख्य दावा, जो मला सर्वांत घातक वाटतो: विकत घेणारी सरकारेच असतात, म्हणून चिंता नको. यातला पहिला भाग खरा मानायला माझी हरकत नाही, कारण कंपनीही तेच सांगते. पण ग्राहक सरकार आहे ही गोष्ट दिलासा देणारी कशी ठरते? पोलीस, तुरुंग, करखाते आणि सरकारी वकील ज्याच्या हाती आहेत तोच ग्राहक असेल, तर त्याच्या हाती पडलेला तुमचा खासगी संदेश एखाद्या चोराच्या हाती पडलेल्या संदेशापेक्षा अधिक नुकसान करू शकतो.

मेक्सिकोत काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. तिथे २०१४ पासून साखर घातलेल्या शीतपेयांवर लिटरमागे एक पेसो कर लागू झाला. लठ्ठपणा आणि मधुमेह यांनी त्रस्त असलेल्या त्या देशात हा कर वाढवावा अशी मागणी २०१६ मध्ये काही आरोग्य कार्यकर्ते आणि संशोधक करत होते. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्यापैकी तिघांच्या फोनवर विचित्र संदेश येऊ लागले. टोरोंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हे संदेश जसेच्या तसे दिले आहेत. त्यांतील एक जण, सिमोन बार्केरा, राष्ट्रीय सार्वजनिक आरोग्य संस्थेत पोषणाचे संशोधक होते. त्यांना आलेल्या एका संदेशाचा आशय असा होता की तुमच्या मुलीला गंभीर अपघात झाला आहे, तिला ज्या रुग्णालयात नेले आहे त्याची माहिती इथे पाहा, आणि खाली लिंक. दुसऱ्या एकाला, ओळखीच्या माणसाने आपले वडील वारल्याचे कळवावे तशा शब्दांत, अंत्यविधीचा तपशील म्हणून लिंक धाडली गेली. या लिंक एनएसओच्या यंत्रणेकडे नेत होत्या.

मुलगी रुग्णालयात आहे हे वाचल्यावर बापाने लिंक उघडायची नाही, असे हा फॉरवर्ड आपल्याला सांगतो! आणि ही माणसे कोण होती? एक तर सरकारच्याच संस्थेतील शास्त्रज्ञ. त्यांचा गुन्हा एवढाच की मुलांनी गोड पाणी कमी प्यावे असे त्यांना वाटत होते. सॉफ्टवेअर फक्त सरकारांना विकले जाते हा दावा खरा धरला, तर हे काम कोणत्या तरी सरकारी ग्राहकाचेच असले पाहिजे, आणि मग ‘फक्त दहशतवाद्यांसाठी’ हा दाव्याचा उरलेला अर्धा भाग तिथेच कोसळतो. २०१७ च्याच जूनमधील दुसऱ्या अहवालात मेक्सिकोतील प्रसिद्ध पत्रकार कार्मेन आरिस्तेगी यांच्या अल्पवयीन मुलालाही असेच संदेश गेल्याचे पुढे आले. मेक्सिकोत या तंत्राचा अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध उपयोग झाला असेही सांगितले जाते आणि ते मला नाकारायचे नाही. गुन्हेगाराचा माग काढण्यासाठी पोलिसांना साधने लागतात. प्रश्न तेच साधन दुसऱ्या दिवशी पोषणतज्ज्ञाच्या फोनवर वळवताना कोणाला विचारावे लागते याचा आहे, आणि मेक्सिकोत ते कोणालाही विचारावे लागले नाही असेच दिसते.

हा व्यापार एकट्या इस्रायलचा आहे असाही संदेशाचा सूर आहे. तो चुकीचा आहे. गद्दाफीच्या लिबियाला संपूर्ण देशाचे इंटरनेट चाळण्याची यंत्रणा अमेसिस या फ्रेंच कंपनीने पुरवली होती. ऑगस्ट २०११ मध्ये त्रिपोली पडल्यावर पत्रकार तिथल्या पाळत केंद्रात शिरले, तेव्हा कंपनीचे बोधचिन्ह भिंतीवर आणि नागरिकांच्या ईमेलच्या फाइल कपाटांत होत्या. अशा संदेशांच्या आधारे आपल्याला पकडून छळले गेले अशी तक्रार लिबियन नागरिकांनी फ्रान्समध्ये केली, आणि २०२१ मध्ये कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांना छळात साथ दिल्याच्या संशयावरून पॅरिसमध्ये औपचारिक चौकशीखाली आणण्यात आले. म्हणजे विक्री ते चौकशी यांत एका तपाहून अधिक काळ गेला. अशीच सॉफ्टवेअर विकणाऱ्या मिलानच्या हॅकिंग टीम या कंपनीचा ४०० गिगाबाइट इतका अंतर्गत दस्तऐवज जुलै २०१५ मध्ये फुटला, तेव्हा त्यात सुदानच्या गुप्तचर यंत्रणेच्या नावाचे ४ लाख ८० हजार युरोचे बिल निघाले. दडपशाही करणाऱ्या सरकारांना आम्ही विकत नाही, असे ही कंपनी तोवर जाहीरपणे सांगत आली होती. ‘आम्ही ग्राहक पारखून घेतो’ या कंपन्यांच्या वाक्याला त्या दिवसापासून कवडीची किंमत उरलेली नाही.

परवान्याच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. पेगासस निर्यात करण्यासाठी इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो. शस्त्रे आणि तत्सम संवेदनशील तंत्रज्ञान यांच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवण्यासाठीच्या वासेनार या आंतरराष्ट्रीय करारात सहभागी देशांनी २०१३ मध्ये अशा सॉफ्टवेअरचा नियंत्रित वस्तूंच्या यादीत समावेश केला आणि भारत डिसेंबर २०१७ पासून त्या करारात आहे. परंतु तो करार कोणावर कायद्याने बंधनकारक नाही, इस्रायल त्याचा सदस्य नाही, आणि मुख्य म्हणजे परवाना देणारे सरकार प्रथम पाहते ते स्वतःचे परराष्ट्र धोरण आणि आपल्या उद्योगाचा फायदा. ज्याच्या फोनवर ते सॉफ्टवेअर उतरणार आहे, त्याची बाजू त्या टेबलावर कोणीच मांडत नाही. नियंत्रण खरोखर कडक असते, तर नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य खात्याला एनएसओला व्यापारबंदीच्या यादीत टाकण्याची वेळ आली नसती.

खर्चाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. २०१६ मध्ये बाहेर आलेल्या दरपत्रकानुसार एनएसओ दहा आयफोनांवर पाळत ठेवण्यासाठी साडेसहा लाख डॉलर घेत असे, शिवाय यंत्रणा बसवण्याचे पाच लाख. महाग आहेच. पण हा पैसा जनतेच्या करातून जातो, खर्च करणाऱ्याच्या खिशातून जात नाही. आणि एका वकिलाचा फोन हाती आला की त्याच्याशी बोलणाऱ्या प्रत्येक अशिलाचे बोलणे त्याच किमतीत मिळते. लिबियासारखी देशभराची जाळी टाकायची असेल तर माणशी खर्चाचा हिशेबच वेगळा होतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नावाने जे खपवले जात आहे त्याचा मात्र मला संताप येतो. न्यायालयाने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. २५ ऑगस्ट २०२२ रोजी समितीच्या अहवालाबाबत न्यायालयाने जे सांगितले ते असे: तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत कोणते ना कोणते घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगाससच आहे असे निश्चितपणे म्हणता आले नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही. यांतील मधले वाक्य तेवढे उचलून ‘निर्वाळा’ म्हणून फिरवले जाते. ज्याच्याविषयी चौकशी आहे त्यानेच माहिती द्यायला नकार दिल्यावर पुरावा निश्चित झाला नाही, याला निर्दोषत्व म्हणत नाहीत. एप्रिल २०२५ मधील सुनावणीत देशाने स्पायवेअर बाळगण्यात गैर काय, असा प्रश्न न्यायालयाने विचारला हेही खरे आहे; पण ते कोणाविरुद्ध वापरले जाते हा खरा प्रश्न आहे, असेही त्याच ओघात म्हटले होते. संदेशात पहिले वाक्य आहे, दुसरे गाळले आहे.

‘काही केले नसेल तर भीती कशाची’ या मुद्द्याला उत्तर २४ ऑगस्ट २०१७ रोजीच नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने दिले आहे: खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. आणि अधिकार सिद्ध करण्यासाठी आधी स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध करावे लागत नाही. अडचण अंमलबजावणीची आहे. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवरील १९९६ च्या निकालानंतर फोन ऐकण्यासाठी गृहसचिवांचा आदेश आणि पुनर्विलोकन समिती आवश्यक झाली, परंतु त्या समितीत सरकारचेच सचिव असतात आणि ज्याचा फोन ऐकला गेला त्याला ते कधीच कळवले जात नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर अधिसूचित सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची सोय करून ठेवली आहे.

राहता राहिला ॲपलच्या इशाऱ्यांचा मुद्दा. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस भारतातील अनेक विरोधी नेत्यांना आणि पत्रकारांना असे इशारे आले. काही इशारे चुकीचे असू शकतात असे ॲपलनेच म्हटले होते, हे मान्य. पण त्यानंतर डिसेंबरमध्ये ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेच्या प्रयोगशाळेने यांपैकी दोन पत्रकारांचे, सिद्धार्थ वरदराजन आणि आनंद मंगनाळे यांचे, फोन तपासून पेगाससने लक्ष्य केल्याच्या खुणा दाखवल्या. तेव्हा माझ्या बहिणीला आणि तिच्यासारखे काम करणाऱ्या प्रत्येकाला एवढेच सांगणे आहे: फोनची सॉफ्टवेअर अपडेट आली की त्याच दिवशी टाका, आयफोन असेल तर लॉकडाउन मोड सुरू करा, त्याने काही सोयी जातात पण शिरकावाचे अनेक मार्ग बंद होतात, अशिलांची कागदपत्रे फोनमध्ये साठवून ठेवू नका. आणि ॲपल किंवा व्हॉट्सॲपकडून इशारा आला तर घाबरून फोन फॉरमॅट करू नका, कारण त्याने आतला पुरावाच पुसला जातो. फोन तसाच ठेवून, दुसऱ्या फोनवरून ॲक्सेस नाउ या संस्थेच्या डिजिटल सुरक्षा हेल्पलाइनशी संपर्क साधा. इशारा मिळालेल्यांना ॲपलही तिथेच पाठवते.