वैशाखातला हीटर

पारोळ्याच्या बसस्थानकाजवळ एक चहाची टपरी आहे. गेल्या गुरुवारी मी तिथे थांबलो, तेव्हा साखर कमी की जास्त हे विचारण्याऐवजी मालकाने मला, "काय भाऊ, हीटर बंद केला का?" असे विचारले आणि बाकावर बसलेले चौघे जण खो खो हसले.

त्याचे मूळ मंगळवारात आहे. धुळ्याच्या बहिणीला दोन कूलर पोहोचवण्यासाठी मी वडिलांची एकवीस वर्षांची पिकअप घेऊन जळगावहून निघालो होतो. ऊन चव्वेचाळीस अंशांचे होते. एरंडोल ओलांडले आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. अशा वेळी हीटर पूर्ण सुरू करावा, हे शास्त्र मला ठाऊक होते. हीटर म्हणजे डॅशबोर्डामागे दडवलेला एक छोटा रेडिएटरच. इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरते आणि पंखा ती उष्णता केबिनमध्ये फेकतो. इंजिन वाचते, माणूस भाजतो.

नेमक्या त्याच वेळी रस्त्याकडेला हात दाखवत उभ्या असलेल्या एका आबांना मी गाडीत घेतले. त्यांनी दार उघडून डोके आत घातले आणि तितक्याच वेगाने बाहेर काढले.

"भाऊ, तुले थंडी लागी राहिनी का?"

मी त्यांना इंजिन, पाणी, उष्णतेचे वहन असे सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मागच्या ताडपत्रीकडे वळून पाहिले आणि म्हणाले, "मांगे कूलर, पुढे हीटर. लई शिकेल शे का तू?"

पुढचे सात-आठ किलोमीटर ते गमछाने वारा घेत, दर दोन मिनिटांनी माझ्याकडे पाहत बसले. मग अचानक झरोक्यातून येणारी हवा निवली. आबांचा चेहरा फुलला. "आते बेस वाटनं!" असे म्हणून त्यांनी गमछा मांडीवर ठेवला आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण काटा लाल रेघेवर असताना हीटर गार पडणे याचा अर्थ त्याच्यापर्यंत पाणीच पोहोचत नाही. मी गाडी निंबाखाली उभी केली.

"हीटर गार पडना म्हनीसन तू रडी राहिना?" आबांनी विचारले. त्यानंतर ते गमछा हाताला गुंडाळून रेडिएटरचे झाकण उघडायला निघाले, तेव्हा मी त्यांचा हात अक्षरशः धरून ठेवला. झाकण आतला दाब साधारण एक बारने वाढवते, त्यामुळे आतले पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळते. तापलेले झाकण काढले की ते पाणी थेट तोंडावर येते. हे सांगून झाल्यावर आबा म्हणाले, "मंग लावस कसाले?" या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

पाऊण तासाने झाकण उघडले. आत उरलेले पाणी जुन्या चहासारखे तांबूस होते आणि खालच्या पाइपाच्या सैल क्लॅम्पमधून थेंब थेंब गळत होते. तीन आठवड्यांपूर्वी ज्या मेकॅनिकने "रेडिएटर एकदम चकाचक" असे सांगितले होते, त्याच्या बिलावर पाच लिटर कूलंट आणि दोन नवे क्लॅम्प स्वच्छ अक्षरात लिहिलेले आहेत. कूलंट हिरवे असते, गुलाबी असते. गंजाच्या रंगाचे नसते. क्लॅम्पही माझ्या वडिलांच्या काळातला होता. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, "उन्हाळ्यात होतंच साहेब, पाणी टाकत जा." पाणी टाकायला मला पैसे मोजून मेकॅनिक लागत नाही, आणि बोअरचे जड पाणी ओतत राहिले की त्याचा चुना नळ्यांत बसतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवे.

स्क्रूड्रायव्हरने क्लॅम्प आवळला, आबांनी शेजारच्या मळ्यातून कॅनभर बोअरचेच पाणी आणले, कारण दुसरे नव्हतेच. अडकलेली हवा निघावी म्हणून हीटर पुन्हा पूर्ण सुरू करावा लागला. आबांनी या वेळी काही विचारले नाही. त्यांनी फक्त गमछा डोक्यावर घेतला.

पारोळ्याला उतरताच ते सरळ त्या टपरीत शिरले आणि मी गाडी लावून पोहोचेपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळे झाले, "यानी गाडी बेस शे, फक्त याले उन्हायामा थंडी वाजस."

त्यांच्या चहाचे पैसेही मीच दिले.