लंपन मोठा होत नाही, वाचक होतो

पौगंडावस्थेवरील पुस्तकमालिकांचा नायक वाचकासोबत वयाने वाढतो आणि म्हणूनच वाचक त्या मालिकांशी जोडला जातो, हे अशा मालिकांवरील एका लेखातील प्रतिपादन मला अर्धेच पटले. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’ या चार पुस्तकांतील लंपन फारसा मोठा होत नाही. वाढतो तो वाचक. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या या मुलाची व्याकुळता मी शाळेत असताना माझ्या नजरेतून सुटली होती आणि त्याच्या ‘मॅडसारखं’ या शब्दावर मी नुसती हसत असे. गेल्या पावसाळ्यात पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून ‘वनवास’ पुन्हा आणले, तेव्हा तीच पाने वाचताना मला त्या मुलापेक्षा आजीची काळजी अधिक जाणवली.

या पुस्तकांशी जोडले जाण्याचे दुसरे कारण भाषेचे आहे, ज्याचा त्या लेखात उल्लेखच नाही. घरी कोकणी बोलणाऱ्या आणि पुस्तके मराठीत वाचणाऱ्या आम्हा गोमंतकीयांना लंपनच्या कथांतली कानडी वळणाची सीमाभागातील मराठी परकी वाटत नाही, कारण बोलण्याची भाषा आणि पुस्तकातली भाषा यांच्यामधली फट आम्ही रोजच अनुभवतो. (माझी मावशी बेळगावची, त्यामुळे मी थोडी पक्षपाती असेन.) २०२४ मध्ये याच कथांवरील ‘लंपन’ या वेबमालिकेला पणजीच्या इफ्फीत (भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार मिळाल्यावर माझ्या भाचीने मूळ पुस्तके मागितली, सध्या ती ‘पंखा’पर्यंत पोहोचली आहे.