मारामारीपेक्षा ड्रॅक्युलाचं दुःख
व्हिडिओ गेमवरून केलेल्या नेटफ्लिक्सच्या 'कॅसलवेनिया' या ॲनिमेशन मालिकेच्या यशाचं सगळं श्रेय तुमच्या लेखात रक्तरंजित मारामारीला दिलंय, ते काही पटलं नाही. मारामारी झकास आहेच, पण मालिका पकड घेते ती ड्रॅक्युलाच्या दुःखामुळे. १९८९ च्या ज्या तिसऱ्या गेमवर ती बेतली आहे, त्यात तो निव्वळ शेवटचा शत्रू. चाबूक चालवत त्याच्यापर्यंत पोचायचं, बस्स. त्याच्या बायकोला, लिसाला, चेटकीण ठरवून मारल्याचा धागा त्याच मालिकेतल्या १९९७ च्या 'सिंफनी ऑफ द नाइट' या गेममधला. तो नेटफ्लिक्सच्या मालिकेत २०१७ च्या पहिल्याच भागात असा वापरलाय की वालाकिया या (आजच्या रोमानियातल्या) प्रांतावर सूड उगवायला निघालेला ड्रॅक्युला क्षणभर बरोबरच वाटतो! राक्षसांचा शिकारी ट्रेव्हर, जादूगार सायफा आणि ड्रॅक्युलाचाच मुलगा अलुकार्ड हे त्रिकूट मस्त जमलंय. तिसऱ्या गेममधल्या त्यांच्या साथीदाराला, ग्रँटला, मात्र साफ कापलं. जुने खेळाडू (मीही त्यातलाच) अजून कुरकुरतात.

आणि 'नॉक्टर्न' या पुढच्या मालिकेवर लेखात एकच ओळ? ती ज्या गेमवर बेतली आहे, त्या १९९३ च्या 'रॉन्डो ऑफ ब्लड'मध्ये ॲनेट म्हणजे फक्त सोडवून आणायची मुलगी. इथे ती कॅरिबियनमधल्या गुलामगिरीतून निसटलेली लढवय्यी आहे आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत नायक रिक्टरपेक्षा जास्त लक्षात राहते. तिच्यावर वेगळा लेख येऊ द्या.