पऱ्हाटीतली अळी आणि ‘एड्सची सुई’

आमच्या यवतमाळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून फिरून येतोय: ‘सहा महिन्यांतून एक सुई, एड्स मुळासकट खलास. जर्मनीत माणसं बरी झाली. आता गोळ्या कशाला? अन् संशोधनवाल्यांना रक्त देऊ नका, गरिबांवर प्रयोग करतात.’

सुई आहे. लेनाकॅपाव्हिर. पण अमेरिकेत २०२५ साली तिला मंजुरी मिळाली ती लागण नसलेल्यांना लागण होऊ नये म्हणून. अंगातला एड्सचा विषाणू (एचआयव्ही) ती उपटून काढत नाही.

जर्मनीचंही खरं. टिमोथी ब्राउन, बर्लिन, २००७. त्याला एचआयव्हीच्या लागणीसोबत रक्ताचा कॅन्सरही होता, म्हणून दुसऱ्याचा बोनमॅरो बसवला. दाता मुद्दाम असा शोधला, की ज्याच्या पेशींवर विषाणूला आत शिरायचं नेहमीचं दारच नाही. असा माणूस उत्तर युरोपात शंभरात एखादा. आपल्याकडे फारच विरळा. शिवाय या उपचारातच जीव जाऊ शकतो. कॅन्सर नसलेल्याला कोणता डॉक्टर तो देईल?

आता गोळ्या. गुलाबी बोंडअळी आठवा. फवारा उघड्यावरचीला लागतो. बोंडात शिरलेलीला नाही. हंगाम सरला की ती धुऱ्यावरच्या पऱ्हाटीच्या गंजीत, किडक्या बोंडात झोपून राहते. हा विषाणूही तसाच: पेशीच्या डीएनएत स्वतःला शिवून घेतो अन् निजतो. गोळ्या सोडल्या की बहुतेकांत दोन-चार आठवड्यांत पुन्हा उठतो. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या सरकारी केंद्रात, गोळ्या २००४ पासून फुकट मिळतात. त्या नेमानं घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला अन् तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

रक्त देऊ नका, हा सल्ला सगळ्यात घातकी. आपल्याकडचा विषाणू मुख्यतः ‘सी’ उपप्रकाराचा. जगातली जवळपास निम्मी लागण त्याचीच. पण कायमच्या इलाजाचं बहुतेक संशोधन झालं ते अमेरिका-युरोपातल्या ‘बी’ उपप्रकारावर, तेही पुरुषांवर. ओलिताच्या काळ्या जमिनीत पारखलेलं वाण आपल्या कोरडवाहू बरडात कसं निघतं, हे तुम्हाला काय सांगायचं? दक्षिण आफ्रिकेत डर्बनला ‘सी’ची लागण असलेल्या २० महिलांवर कायमच्या इलाजाच्या शोधात चाचणी झाली. काही जणी गोळ्यांशिवाय बरेच महिने राहिल्या, बहुतेकींना परत सुरू कराव्या लागल्या. हा इलाज नव्हे; पण आपल्याकडच्या ‘सी’ विषाणूबद्दल काही कळलं ते त्या बायांमुळे.

भीती अगदीच खोटी नाही. न वाचता अंगठे उठवून घेणारे आपण पाहिलेत. म्हणून एचआयव्ही-एड्सचा २०१७चा कायदा लक्षात ठेवा: नीट समजावून संमती घेतल्याशिवाय संशोधन करता येत नाही. रक्त कशाला, गोळ्या थांबवणार का, थांबवल्या तर तपासणी किती दिवसांनी, हे मराठीत विचारा. नीट उत्तर मिळेना, तर सही न करता उठून या.