माटवी, कळलावी आणि गडग्यावरचे कांगले

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन चार दिवस झाले. उत्तराला उशीर केला, कारण आधी परसात जाऊन एक गोष्ट डोळ्यांनी बघून यायची होती.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्याकडे कोकणात गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट टांगतात, ती माटवी. तिच्यासाठी रानातून काय काय आणायचं आणि ते कसं बांधायचं यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर ताईंनी लिहिलं की निसर्गाचं नाव घेऊन निसर्गच ओरबाडायचा आणि वर त्याला परंपरा म्हणायचं, हे बरं नाही. फोटोतली कळलावी (लाल-पिवळ्या फुलांचा पावसाळी वेल) मुळासकट उपटलेली दिसते. असलं वाचून उद्या शहरातून गाड्या भरून लोक सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारांवर, उतरतील. त्यापेक्षा कागदाची फुलं बरी. ताई वनस्पतीशास्त्र शिकवतात, त्यामुळे हे नुसतं रागाने लिहिलेलं नाही हे मला कळतं.

कळलावीपासून सुरुवात करतो. फोटो गेल्या वर्षीचा आहे आणि हो, ती कंदासकट आलेली आहे. मुंबईहून आलेल्या भाच्याला मी गडग्याकडे, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधाकडे, पाठवलं, ‘लाल-पिवळी फुलं दिसतील ती घेऊन ये’ एवढंच सांगितलं. वेल कसा धरायचा, कुठे खुडायचा हे दाखवलं नाही. पावसाने माती भुसभुशीत झालेली, त्याने ओढला तो सगळाच हातात आला. चूक माझी. कंद मी त्याच संध्याकाळी गडग्याच्या पायथ्याशी परत पुरला, पण लेखात ते लिहिलं नाही आणि फोटो मात्र तोच टाकला. त्या फोटोवरून कुणीही हेच शिकेल की कळलावी अशीच आणायची असते. फोटो मी काढून टाकलाय.

दुसरी चूक तुम्ही दाखवली नाही, मीच सांगतो. कळलावी विषारी आहे हे त्या लेखात कुठेच नव्हतं. तिच्या सगळ्या भागांत कोल्चिसीन हे विष असतं, कंदात आणि बियांत तर भरपूर. आमच्या घरी ती माटवीवर उंच बांधतात, खाण्याच्या वस्तूंना लावत नाहीत, हाताळल्यावर हात धुतात. लहानपणापासून बघितलं की हे सांगावं लागत नाही. पण वाचणाऱ्याला सांगावंच लागतं. ज्यांच्या घरात रांगतं मूल आहे त्यांनी तर ती आणूच नये.

तिला संस्कृतात लांगली म्हणतात ते कंदाच्या नांगरासारख्या आकारावरून. दोन बोटं कोनात जोडावीत तसा तो दिसतो. दर पावसाळ्यात जुना कंद झिजतो आणि नवा तयार होतो. औषधासाठी हे कंद खणून नेल्यामुळे पुष्कळ ठिकाणी कळलावी कमी झाली, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही, पण वाचकांना मी सांगायला हवं होतं.

आता सड्याबद्दल. ‘सड्यावरची निळी-पांढरी फुलंही घेता येतील’ असं एक वाक्य माझ्या लेखात होतं. ते वाक्य परंपरेतलं नाही, माझ्या उत्साहातलं आहे. आमच्या आजीने आयुष्यात कधी सड्यावरून माटवीसाठी काही आणलं नाही. जांभ्याच्या कातळावर चार बोटं माती, तीही ठिकठिकाणी, आणि तिच्यात साचलेल्या पाण्यावर सगळा दोन-अडीच महिन्यांचा संसार. सीतेची आसवं, म्हणजे सड्यावरची ती नाजूक निळी फुलं, खुडली तर घरी येईपर्यंत त्यांचं काही उरत नाही, आणि खुडायला गेलेल्या माणसाच्या पायाखाली न खुडलेली किती जातात ते वेगळंच. गाडीचं चाक एकदा तिथून गेलं की चर पडतो, पाणी त्या चरातून वाहून जातं आणि जिथे ते साचायचं तिथे पुढच्या वर्षी काही उगवत नाही. ते वाक्य मी काढलंय, आणि काढलं आहे असं तिथे लिहिलंही आहे. सड्यावर बघायला जावं, कडेने चालावं, रिकाम्या हाताने परत यावं.

इथपर्यंत तुमचं बरोबर. पण ‘त्यापेक्षा कागदाची फुलं बरी’ हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगू दे.

आमची माटवी म्हणजे सागवानी रिपांची चौकट, साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद. आजोबांच्या वेळची. वर्षभर ती माळ्यावर असते. चवथीच्या आदल्या दिवशी खाली काढून धुवायची, पुसायची आणि गणपतीच्या डोक्यावर वाशांना दोरांनी टांगायची. मग बांधणं सुरू. आधी आंब्याचे टाळे चारी बाजूंनी, मग मधोमध शेंडीचा नारळ, बेड्यांचा कात्रा (सुपारीचा घोस), शहाळी, तवसं (काकड्या), चिबूड. हे जड सामान रिपांच्या जोडावर येईल असं बांधायचं, नाहीतर चौकट एका अंगाला कलते. त्यानंतर रानातलं: कवंडळं (एका रानवेलाची लाल फळं), कांगल्यांचे घोस, शेरवडं, तेरडे, हरणाची पिवळी फुलं. बांधायला सुतळी चालते, पण आमच्याकडे अजून केवण या झुडपाची साल वापरतात. शहरात हिच्या शेंगांना मुरडशेंग म्हणतात. बोटाएवढी जाड फांदी घ्यायची, साल वरपासून खालपर्यंत ओढायची, ती एका ओढीत पट्टीसारखी निघते. घटकाभर पाण्यात ठेवली की हवी तशी वळते आणि सुकल्यावर गाठ अशी आवळते की पाच दिवसांत एक कवंडळ खाली पडत नाही.

कवंडळं कधीही एकटी बांधत नाहीत. दोन फळं देठ ठेवून काढायची, देठांना देठ जोडायचे आणि रिपेवर दोन्हीकडे लोंबतील अशी टाकायची. ही जोडी करायची म्हणजे वेल चढलेल्या झाडावर चढून, फळ न दाबता, देठ नखाने खुडावा लागतो. या कामाला वेळ लागतो, आणि एका माणसाच्या हातून एका सकाळी फार फळं निघूच शकत नाहीत. आजी खाली उभी राहून ओरडायची, ‘सगळी काढू नको रे, पाखरांक थोडी रवांदेत.’ लाल कवंडळं माणूस खात नाही, पाखरं खातात, हे मला पुस्तकातून नाही कळलं, या ओरडण्यातून कळलं.

आता ऐका ताई, माझं म्हणणं काय आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या घाटीचा रस्ता रुंद करायला जेसीबी आला. आमचा गडगा चार हात मागे घ्यायचं ठरलं होतं, सगळ्यांच्या संमतीने. गडग्यावर कांगल्यांचा जुना वेल आहे, मनगटाएवढ्या खोडाचा. बाहेरच्या माणसाला ते निव्वळ झुडूप. मशीन वळलं तशी आमची काकी, सत्तरीची, हातातलं सूप तसंच घेऊन समोर येऊन उभी राहिली आणि माझ्या चुलतभावावर कडाडली, ‘ह्यो गेलो तर चवथीक कांगले खयसून हाडतलस?’ तेवढा दहा फुटांचा गडगा हाताने उतरवला, वेल दोरांनी बाजूला बांधून ठेवला. आज तो नव्या गडग्यावर आहे. पिवळे घोस पिकून फुटतात, आतलं लाल बी दिसतं, बुलबुल येतात.

काकीला वनस्पतीशास्त्र माहीत नाही. जैवविविधता हा शब्द तिने वापरलेला मी ऐकलेला नाही. तिला चवथीला कांगले हवे होते, म्हणून वेल वाचला. त्याच रस्त्यावर पुढे ज्या दोन घरांत आता माटवीवर प्लॅस्टिकची द्राक्षं आणि सफरचंदं लागतात, तिथला सगळा गडगा वेलींसकट अर्ध्या तासात गेला. कुणी बाहेरही आलं नाही. त्या माणसांना दोष देत नाही मी. त्यांच्या लेखी त्या गडग्यावर वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तेरड्याचंही तेच. तेरडा वर्षायू, बोंड पिकलं की बोट लागताच फुटतं आणि बी चारी दिशांना उडतं. आमच्या कुणग्यांच्या मेरांवर (भातखाचरांच्या बांधांवर) भाद्रपदात गुलाबी रंग दाटायचा. गौरीसाठी गावातल्या सगळ्या बाया मुळासकट तेरडे आणतात, पिढ्यान्‌पिढ्या आणतात, तरी तो संपला नाही. गेल्या काही वर्षांत तो कमी झाला तो काजूच्या बागांत तणनाशक मारायला लागल्यापासून आणि आषाढ-श्रावणात ग्रासकटर फिरायला लागल्यापासून. बी धरायच्या आत सगळं सपाट. व्हाळापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) मेरेवर जिथे अजून फवारा गेलेला नाही, तिथे यंदाही गुडघाभर तेरडा आहे. हे मी माझ्या वाडीपुरतं सांगतोय, पण माझ्या वाडीत मी हे रोज बघतो.

कागदाच्या फुलांना माझा विरोध नाही. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली तेव्हा आमच्याच आळीत मुलांनी कागदाची सुंदर मखरं केली, मी स्वतः खळ शिजवून दिली होती. मखर कागदाचं होऊ शकतं. माटवी होऊ शकत नाही, कारण माटवी ही त्या पावसाळ्यात आपल्या भोवती काय पिकलं, काय फुललं ते देवासमोर टांगणं आहे. ज्या वर्षी कांगले कमी, त्या वर्षी माटवीवर कांगले कमी. आमच्याकडे कुणाला त्याचं वाईट वाटत नाही, फक्त बोलणं होतं, ‘यंदा पाऊस मिरगाक लागलो नाय म्हणान.’

राहिला बाजाराचा मुद्दा. कुडाळ, मालवण, सावंतवाडीला चवथीच्या आधी रस्त्याच्या कडेला माटवीचं सामान घेऊन बाया बसतात. त्यातल्या बहुतेक जणी आपल्याच बागेतलं, मेरेवरचं घेऊन येतात आणि सणासुदीला हातात चार पैसे येतात. त्यांच्याकडून घ्यायला मला काही गैर वाटत नाही. पण टेम्पो भरून, फांद्याच्या फांद्या कोयत्याने तोडून आणलेलं सामान बघितलं की मलाही तुमच्यासारखंच वाटतं. फरक ओळखायला सोपा आहे: देठ बघा. नखाने खुडलेला देठ वेगळा दिसतो आणि खोडाच्या तुकड्यासकट आलेला घोस वेगळा.

म्हणून लेखात आता हे घातलंय: आपल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या जमिनीतूनच आणा, विचारून आणा. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही तोडणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, तिकडे जाऊ नका. ज्या झाडाचं नाव घरातल्या मोठ्या माणसाला सांगता येत नाही, ते आणू नका. आणि ज्यांच्या घरी माटवी नाही त्यांनी ती हौसेसाठी सुरू करू नये, कुंडीतल्या झेंडूचं तोरणही सुरेख दिसतं. हे शेवटचं वाक्य तुमच्यामुळे सुचलं.

आता परसात काय बघून आलो ते. परत पुरलेला कंद यंदा मिरगानंतर उगवला. वेल कमरेएवढा झालाय, पानांची टोकं नेहमीसारखी वळून गडग्याच्या चिऱ्यांना धरून आहेत, पण अजून एकही कळी नाही. शेजारचे न उपटलेले दोन वेल मात्र फुलांनी भरलेत. उपटताना कंदाचं एक बोट मोडलं होतं, त्यामुळे असेल असा माझा अंदाज. एवढ्या जखमेनंतर कळलावी किती पावसाळ्यांनी फुलावर येते, हे तुम्हाला ठाऊक असेल तर कृपया लिहा. तोवर त्या वेलाला कुणी हात लावणार नाही, भाच्याने स्वतः तिथे खूण म्हणून काठी रोवली आहे.